सुई जिथे थांबली

उन्हाळी कुरणावरच्या मेळ्याला संग्रहालयातल्या वस्तू घेऊन जायच्या ही कल्पना संग्रहालयाचे प्रमुख एसेनगुल आगाय यांची. लोक संग्रहालयात येत नसतील तर संग्रहालयाने लोकांकडे जावं, असं ते मागे एका बैठकीत बोलून गेले आणि ते बोलणं त्यांच्याच गळ्यात पडलं. तेव्हापासून दर जुलैमध्ये नारीन प्रांतातल्या एका लहानशा गावातून एक जुना ट्रक डोंगर चढायचा. त्यात एक खोगीर, चांदीच्या फुल्यांचा लगाम, कुमीसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, चामडी बुधला, पाळणा, नवरीचा उंच टोप आणि ‘हात लावू नये’ असं लिहिलेल्या पुठ्ठ्यांची चळत. पुठ्ठे दरवर्षी नवे करावे लागत. वर वारा फार.

यंदा संग्रहालयात काम करणाऱ्या साल्कीनने त्या सामानात दोन बंद खोकी आणि एक पेटी वाढवली होती. सपाट, काचेच्या झाकणाची, सुताराकडून मुद्दाम करून घेतलेली. रस्ताभर ती तिने मांडीवर धरली होती.

“मागे ठेव की,” ड्रायव्हर जापार म्हणाला. “पळून जाणार आहे का ती?”

“असू दे.”

“आगायांचं खोगीर मागे आदळतंय ते चालतं, आणि तुझी पेटी मांडीवर. बरं आहे.”

साल्कीनने काचेवरची धूळ बाहीने पुसली. आत नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा, एक कोपरा होता, वीतभर रुंद, तपकिरी नमद्यात बसवलेलं नक्षीचं लाल शिंग. अर्ध्या शिंगाभोवती टाके पडले होते, अर्धं मोकळं होतं. जिथे टाके संपत होते तिथे सुई उभी होती. सुईत दोरा होता. तिच्या आईने, कानीशायने, गेल्या शरदात ती सुई तिथे खोचली आणि अंथरूण धरलं. पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात ती गेली.

कानीशायच्या हातचे शिरदाक, म्हणजे नक्षीचे नमद्याचे गालिचे, त्या खोऱ्यात घरोघर होते. कुणाची मुलगी सासरी निघाली की नमदा कानीशायच्या अंगणात येऊन पडायचा. स्वतःच्या मुलीसाठी मात्र तिने बरीच वर्षं काही केलं नाही, कारण शिरदाक मुलगी सासरी नेते आणि साल्कीन काही निघायचं नाव घेत नव्हती. शेवटी गेल्या उन्हाळ्यात तिनेच एक दिवस दोन नमदे अंगणात पसरले. “नवरा आणायचा तेव्हा आण,” ती म्हणाली होती. “तोवर जमीन तरी गार नको.”

शिरदाकाचं काम जोडीचं. एक लाल नमदा, एक तपकिरी, एकावर एक ठेवायचे, खडूने मेंढ्याची शिंगं काढायची आणि धारदार सुरीने दोन्ही थर एकदम कापायचे. मग लाल शिंग तपकिरी चौकोनात बसतं आणि तपकिरी शिंग लाल चौकोनात. म्हणजे कापायला बसलं की एक नाही, दोन शिरदाक जन्माला येतात, एकमेकांच्या उलट रंगाचे. चिंधीसुद्धा वाया जात नाही. कानीशायने सगळे चौकोन कापून ठेवले होते आणि त्यांची गाठोडी बांधली होती. शिवायला बसली तेव्हा एका कोपऱ्यापर्यंतच पोचली.

हिवाळ्यात साल्कीनने ती गाठोडी संग्रहालयात नेली आणि तिथे शिकलेल्या पद्धतीने नीट लावली. लाल रंग ओलीत सुटतो, म्हणून लाल तुकडे एका खोक्यात, तपकिरी दुसऱ्यात, मध्ये पातळ कागद, कसर लागू नये म्हणून गोळ्या. सुईचा कोपरा तेवढा काचेखाली. त्याला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी संग्रहालय बंद करताना ती एकदा त्या पेटीशी थांबायची. सुई तिथे होती तोवर आई चहाचं पाणी बघायला उठली आहे असं म्हणता येत होतं. ती हे कुणाला म्हणाली नव्हती.

कुरणावर पोचले तेव्हा नमद्याचे तंबू लागले होते, घोडे खुंट्यांना बांधले होते, बोरसोक, कणकेचे छोटे गोळे, तळल्याचा वास सुटला होता. संग्रहालयाच्या तंबूत टेबलं मांडून झाली आणि पहिले आले ते एक म्हातारे गृहस्थ, सगळे त्यांना आदराने आताके म्हणत. दोरी ओलांडून ते सरळ खोगिराशी गेले आणि त्यावर हात फिरवू लागले.

“आताके, हात नाही लावायचा,” एसेनगुल आगाय म्हणाले.

“का? माझ्या आजोबांचं आहे.”

“हो, पण तुमच्या वडिलांनी संग्रहालयाला दिलं ना.”

“दिलं, ते तुम्ही बसाल म्हणून दिलं. बसलात का कधी?” म्हाताऱ्याने आगायांच्या पोटाकडे पाहिलं. “नाही बसलात ते बरंच झालं. घोड्याचा विचार करायला हवा.”

तंबूतल्या बायका हसल्या. आगायही हसले, पण पुठ्ठा उचलून त्यांनी जरा पुढे ठेवला.

दुपारच्या आधी आणखी एक घोटाळा झाला. बुधला जड लागतो म्हणून आगायांनी बूच काढलं, तर आत कुमीस. काठोकाठ. शंभर वर्षांचं ते चामडं, आणि त्यात सकाळचं ताजं कुमीस घुसळून फेसाळलेलं.

“कुणी केलं हे?” त्यांचा आवाज चिरकला.

“मी,” शेजारच्या तंबूतली एक बाई म्हणाली. तिला यात ओरडण्यासारखं काय ते कळेना. “लोक येतायत, जातायत, आणि तुम्ही बुधला रिकामा मांडून ठेवलात. पाहुण्यासमोर रिकामं भांडं? मला मेलीला लाज वाटली, म्हणून भरलं.”

“अहो, ती संग्रहालयाची वस्तू आहे.”

“मग संग्रहालयाने भरायचं होतं.”

चामडं गळत नव्हतं. आगायांनी बुधला सगळ्या बाजूंनी तपासला, मग कुणी वाटी पुढे केली तेव्हा नाही म्हणवेना. प्यायले. “धुरी दिलेल्या चामड्याची चव अजून आहे याला,” ते साल्कीनला हळूच म्हणाले.

साल्कीनला त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं. तेवढ्यात बुरुलचा आपा आत आल्या.

बुरुलचा हे त्यांचं नाव, आपा आदराचं; त्या आईच्या शेजारीण, मैत्रीण आणि शिवणीची जोडीदारीण. शिरदाकाच्या शिवणीवर जो दुहेरी दोरा बसवतात, त्यातल्या एकाला डावीकडे पीळ लागतो, दुसऱ्याला उजवीकडे. तेव्हाच तो वेणीसारखा दिसतो. कानीशाय डावा पीळ द्यायची, बुरुलचा आपा उजवा. चाळीसेक वर्षं तसंच चाललं होतं. आता त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि चालताना त्या कुणाचा तरी दंड धरायच्या. या वेळी त्यांनी येऊन साल्कीनचाच धरला.

“कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

साल्कीनने पेटी दाखवली. बुरुलचा आपा वाकल्या, बरा डोळा काचेला लावला. त्यांच्या श्वासाने काच धुरकटली. बराच वेळ त्या तशाच वाकून होत्या.

“हे खाली काय लिहिलंयस?”

“‘अपूर्ण शिरदाक. कानीशायचं शेवटचं काम.’”

“अपूर्ण आहे ते माहीत आहे ना तुला, मग काचेत का घातलंस? कापलेला नमदा न शिवता ठेवायचा म्हणजे कणीक मळून झाकून ठेवायची आणि घराला कुलूप लावायचं.”

“आपा, हे तिचं राहू दे. दुसऱ्या कुणाचे टाके त्यात पडले तर ती कुठे थांबली ते कळणार नाही.”

“ती थांबली नाही,” बुरुलचा आपा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्या नुसतं सांगत होत्या. “मी समोर होते. तू कामावर गेली होतीस. हात दुखतो म्हणाली. सुई खोचली आणि मला म्हणाली, बुरुलचा, उद्या इथून तू घे. दुसऱ्या दिवशी ती अंथरुणातून उठली नाही, मग कशाचं शिवण. ती गेली, नंतर सगळे विधी झाले. म्हटलं पोर सावरली की घेऊन येईल. हिवाळाभर दार वाजलं की मला वाटायचं तू आलीस. आणि आज आणलंस ते हे असं, कुलपात.”

बाहेर कुणी कोमूझच्या तारा छेडत होतं. कुठल्यातरी शर्यतीतले घोडे तंबूजवळून गेले आणि टेबलावरचा लगाम किणकिणला. साल्कीन त्या सुईकडे पाहत उभी राहिली. इतके महिने ती तो थांबलेला हात जपत होती, आणि तो हात तर काम दुसरीच्या हाती देऊन थांबला होता. तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे सोपं होतं, आणि म्हणूनच जास्त अवघड.

“तिने मला का नाही सांगितलं?” ती म्हणाली.

“तुला शिवता येतं का?”

“थोडं.”

“थोडं!” बुरुलचा आपा म्हणाल्या. “तिने तुला तीन वेळा शिकवलं आणि तिन्ही वेळा तू पुस्तकात तोंड घालून बसलीस. म्हणून मला सांगितलं.”

साल्कीनने खिशातून किल्ली काढली. तिने झाकण उघडलं तसे आगाय दोन पावलं पुढे आले.

गवतावर ताडपत्री अंथरली. बायका जमल्या, कुणी घरून दाभण आणलं, कुणी मेणाचा गोळा. बुरुलचा आपांनी कोपरा हातात घेतला, टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. “आता पुढचं गाठोडं दे.”

साल्कीनने पेटीबरोबर मांडायला आणलेली दोन्ही खोकी उघडली.

बुरुलचा आपांनी लाल खोक्यात हात घातला, एक शिंग काढलं, मग दुसरं, मग तिसरं. तपकिरी खोक्यात हात घातला. मग त्या साल्कीनकडे पाहू लागल्या.

“गाठोडी कुठे आहेत?”

“हेच ते सगळं. रंग लागू नये म्हणून वेगळे केले.”

जे झालं होतं ते साल्कीनला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, ती त्याच अंगणात मोठी झाली होती. खडूची शिंगं हाताने काढलेली असतात. एकासारखं दुसरं दिसतं, पण असत नाही. प्रत्येक शिंग त्याच्याच चौकोनात बसतं, दुसऱ्यात घातलं तर कुठे फट राहते, कुठे फुगतं. म्हणून आईने प्रत्येक चौकोन त्याच्या शिंगांसकट वेगळा बांधून ठेवला होता. आणि संग्रहालयात बसून तिने, कानीशायच्या मुलीने, एकेक गाठ सोडून सगळं मिसळून टाकलं होतं.

“शाब्बास,” शेवटी बुरुलचा आपा म्हणाल्या. “नवरे एका खोलीत, बायका दुसऱ्या खोलीत. रशियन दवाखान्यासारखं.”

तेव्हा कुठे बायका हसल्या. “चला,” एकजण म्हणाली, “लग्नं जुळवूया.”

मग त्या ताडपत्रीवर जे सुरू झालं ते मेळ्याच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. बायका चौकोन पसरून बसल्या आणि एकेक शिंग लावून पाहू लागल्या. शर्यत बघून परतणारे पुरुष घोड्यावरूनच वाकून विचारू लागले. खोगीरवाले आताके खाली बसले आणि त्यांनी एक शिंग तीन चौकोनांत घालून पाहिलं, तिन्हीत जवळजवळ बसलं, आणि तिन्हीसाठी ते भांडले. कुमीसवाल्या बाई बुधला घेऊन आल्या. आगायांनी बाही दुमडल्या. ‘हात लावू नये’चे पुठ्ठे ताडपत्रीच्या कडांवर वजनं म्हणून ठेवले गेले, वर दगड.

पण जुळेना. जुळलं असं वाटायचं, मग बुरुलचा आपा अंगठ्याने कडा चाचपायच्या आणि म्हणायच्या, “नाही. ही कुणा दुसऱ्याची बायको.” चार-दोन जोड्या लागल्या. उरलेला ढीग तसाच. ऊन कलायला लागलं. एकदोघी चुलीकडे बघायला उठल्या.

साल्कीन खोक्याशीच बसून होती. हातातला तुकडा कुठे लावायचा ते तिला कळत नव्हतं. ती नुसती त्याच्या कडेवर बोट फिरवत होती. कड गुळगुळीत होती, एका दमात कापलेली. तिने दुसरा घेतला. तोही तसाच. तिसरा घेतला आणि तिचं बोट अडलं. वळणावर सुरी थांबली होती, उचलली होती, पुन्हा टेकवली होती.

तिने तो वेगळा ठेवला. चौथा पाहिला.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला आई अंगणात गुडघ्यावर बसून कापायची. सुरी नमद्यात शिरली की शिंग पुरं होईपर्यंत वर यायची नाही. ऑगस्टात ती वळणावर दम घ्यायला लागली. मग एक दिवस तिने पाट मागितला. सप्टेंबरात ओसरीवर, भिंतीला पाठ टेकून. साल्कीन संध्याकाळी आली की सुरी उशाशी दिसायची आणि नमद्यावर एखादंच नवं शिंग. शेवटी शेवटी ती सुरी ओढत नव्हती, करवतीसारखी पुढे-मागे करत होती. साल्कीन तेव्हा म्हणाली होती, राहू दे ना आई. आई म्हणाली होती, धार गेलीय सुरीची.

धार लावून आणली होती साल्कीनने. धार गेली नव्हती.

ती उठली, ताडपत्रीच्या मोकळ्या टोकाला गेली आणि तुकडे मांडू लागली. लाल आणि तपकिरी एकत्र, शिंगं आणि चौकोन एकत्र. एका बाजूला एका दमातले. पुढे वळणावर थांबलेले. त्यापुढे दोनदा थांबलेले. टोकाला करवतीचे. बायका पाहत होत्या. बुरुलचा आपांनी मात्र एकदा टोकाचा तुकडा हातात घेतला, अंगठा फिरवला, आणि जागच्या जागी ठेवून दिला.

“हं,” त्या म्हणाल्या. “हे सप्टेंबरातलं.”

आता ढीग राहिला नव्हता, ओळ झाली होती. शेजाऱ्याला शेजारी लावून पाहायचं एवढंच होतं. आणि एक गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात यायला लागली. उन्हाळ्यातली, हात खंबीर असतानाची शिंगं एकसारखी होती. ती कुठेही जवळजवळ बसायची आणि फसवायची. त्यांनाच सगळ्यांत वेळ लागला. पण शेवटची, थरथरत्या हाताची, एका स्पर्शात बसत होती. दोन्ही थर एकदम कापलेले, त्यामुळे हात जितका हलला तितकीच दातेरी कड शिंगालाही होती आणि चौकोनालाही. ती दुसऱ्या कुठल्याच चौकोनात गेली नसती. साल्कीनने शेवटचं शिंग टेकवलं तेव्हा ते दाबावंही लागलं नाही.

“बघ,” बुरुलचा आपा म्हणाल्या, “किती घट्ट.”

साल्कीनने मान हलवली.

सगळं जुळून दोन शिरदाक गवतावर पसरले, एक तपकिरीवर लाल, एक लालवर तपकिरी, तेव्हा आगाय त्यांच्याभोवती एक फेरी मारून आले. काम अजून महिनाभराचं होतं, जोडायचं, दोरा बसवायचा, अस्तराला टिपायचं. पण कोण किती घरी नेणार याची वाटणी बायकांनी करूनही टाकली होती.

“एक संग्रहालयाला द्यायचा ना?” आगायांनी साल्कीनला विचारलं. “तो कोपऱ्याचा. तिचे स्वतःचे टाके आहेत त्यात. भिंतीवर मधोमध लावू.”

सकाळी कुणी हे विचारलं असतं तर साल्कीनने आनंदाने हो म्हटलं असतं.

“दुसरा घ्या, आगाय,” ती म्हणाली. “तो सगळ्यांनी शिवलेला असेल. खाली नावं लिहा हवी तर, आताकेंचंही लिहा. त्यांनी तीन चुकीची लग्नं लावली.”

“आणि हा?”

“हा जमिनीवर अंथरायचाय.”

मग आगायांना बहुतेक बुधल्याची चव आठवली. त्यांनी पेटीखालचं लेबल काढलं, ‘अपूर्ण’ लिहिलेलं, आणि दुमडून खिशात ठेवलं.

बुरुलचा आपा कोपऱ्याशी बसल्या होत्या. त्यांनी ताडपत्रीवर शेजारी थाप मारली. “ये. बूट काढ.”

“आपा, सुई तुम्ही घ्या. तुम्हाला सांगितलं होतं ना तिने.”

“मला सांगितलं होतं, पण मला दिसत नाही. दोरा मी देते. ये, बस त्याच्यावर. लांब बसून शिवता येत नाही हे, गुडघ्याखाली धरावं लागतं.”

साल्कीनने बूट काढले. आईच्या टाक्यांवर गुडघा टेकवताना ती क्षणभर थांबली, मग टेकवला. नमदा उबदार होता, दिवसभर उन्हात पडलेला. सुई नमद्यात रुतून बसली होती, गंजून थोडी तपकिरी झाली होती. पहिल्यांदा ओढली तेव्हा आली नाही. दुसऱ्यांदा आली आणि जिथे ती होती तिथे मिरीएवढा गंजाचा डाग राहिला.

“राहू दे तो,” बुरुलचा आपा म्हणाल्या. त्यांना तो दिसला नसावा, त्या बोटाने चाचपत होत्या. “पुढे घाल.”

पहिला टाका लांब पडला. दुसरा त्याहून बरा.

“असं काय भात्यातून बाण काढल्यासारखं ओढतेस? हलक्या हाताने.”

आईही हेच म्हणायची. साल्कीनने तिसरा घातला. सुईतला दोरा आखूड होता, आईने तेवढाच ओवला होता, दिवस मावळतीला आला होता म्हणून असेल. शिंगाचं वळण पुरं होण्याआधी तो संपत आला. साल्कीनने तो जपून जपून वापरला, मग बोटभर उरला, मग तेवढाही नाही.

“संपला,” ती म्हणाली.

बुरुलचा आपांनी मांडीवरच्या लडीतून दोरा सोडला, टोक जिभेने ओलं केलं आणि तिच्यापुढे धरला.

“हा माझा, उजव्या पिळाचा,” त्या म्हणाल्या. “डावा पीळ द्यायला तुला शिकावं लागेल.”